हप्त्यावर लॅपटॉप घेण्याआधी: कमी पैशांत घरी इलेक्ट्रॉनिक संगीत सुरू करण्याचं एक प्रकरण

पार्श्वभूमी

हे प्रकरण माझ्या एका मित्राच्या धाकट्या बहिणीचं. तिने परवानगी दिली म्हणून लिहितोय. ओळख पटेल असे तपशील गाळले आहेत. वय २५ च्या आतबाहेर, पूर्णवेळ नोकरी. संगीतासाठी हातात उरायचे ते रात्रीचे दोन तास आणि सुट्टीचा दिवस. गळ्यात सूर आहे, ताल पक्का आहे, पण कुठलंही वाद्य ती रीतसर शिकलेली नाही. तिला करायचं होतं संथ, धुकट पोताचं संगीत, ज्याच्या खाली टेक्नोचा ठोका चालू आहे. डोक्यात ते तिला स्पष्ट ऐकू यायचं, आणि तोंडाने ती ते करूनही दाखवायची.

तिच्याकडे काय काय होतं ते आधी सांगतो, कारण पुढचे निर्णय त्यावरच ठरले. ६ वर्षं जुना लॅपटॉप, रॅम ८ जीबी. ब्लूटूथचे इअरबड. फोन. आणि बरेच महिने पगारातून बाजूला टाकलेली रक्कम. माझ्याकडे येईपर्यंत त्या रकमेतला जवळजवळ निम्मा भाग संपला होता. त्यातून तिने एक छोटा वापरलेला ग्रूव्हबॉक्स, म्हणजे ताल-सूर वाजवणारं यंत्र, घेतला होता, बॅटरीवर चालणारा, आतच सिक्वेन्सर (सूर-ठोके क्रमाने आपोआप वाजवणारी सोय) असलेला. १६ पायऱ्यांचं एक आवर्तन बसवायचं आणि खुंट्या फिरवत ऐकत राहायचं. पहिला महिना आनंदात गेला. दुसऱ्या महिन्यात तिच्या लक्षात आलं की डब्यात केलेलं डब्यातच राहतंय. बाहेर काढून त्याची रचना करायची कशी, हे काही तिला उमगेना.

मग ती लॅपटॉपकडे वळली. एका नावाजलेल्या सॉफ्टवेअरची चाचणी आवृत्ती उतरवली. त्यात सगळं चालायचं, फक्त जतन केलेली फाइल परवाना घेईपर्यंत पुन्हा उघडता यायची नाही. ही अट तिला ठाऊक होती. ‘एका बैठकीत संपवेन’ असं तिने धरलं होतं. एका बैठकीत काही संपलं नाही, त्यामुळे रोज रात्री शून्यापासून सुरुवात. पुढे आणखी दोन फुकट सॉफ्टवेअर आली, मग फुकट प्लगइन, म्हणजे त्या सॉफ्टवेअरला जोडायची आवाजाची छोटी साधनं, यायला लागले. मी लॅपटॉप पाहिला तेव्हा ६० हून जास्त प्लगइन होते आणि प्रोजेक्टच्या फाइली ४३. ‘नवीन १’, ‘नवीन २’, ‘खरंच नवीन’, ‘रात्र ३’ अशी नावं. सगळ्यात लांबलेली रचना ८ बारांची होती, एक बार म्हणजे चार ठोके.

अडचण

“दादा, लॅपटॉपच म्हातारा झालाय,” ती म्हणाली. “कळ दाबली की आवाज उशिरा येतो. ताल धरताच येत नाही.” नवा लॅपटॉप हप्त्यावर घ्यायचं तिने जवळजवळ ठरवलं होतं. उरलेल्या रकमेच्या तिपटीहून जास्त किंमत होती. ग्रूव्हबॉक्स विकायचा, उरलेले पैसे आगाऊ भरायचे, बाकीचे हप्ते. अर्ज भरून तयार होता, पाठवायचा तेवढा बाकी होता.

मी तिच्याकडे एक संध्याकाळ मागितली. या प्रकरणातला पहिला निर्णय तोच: खरेदीआधी दुखणं नेमकं कुठे आहे ते पाहायचं.

सॉफ्टवेअर उघडलं, लॅपटॉपच्याच टाइपिंगच्या कळांवर सूर लावले. तिने एक कळ दाबली. टक् असा कळीचा आवाज आला, आणि मग, स्पष्ट जाणवेल इतक्या अंतराने, सिंथचा, म्हणजे सॉफ्टवेअरमधल्या इलेक्ट्रॉनिक वाद्याचा, सूर. मी तिचे इअरबड काढायला लावले आणि खणात पडलेला, फोनबरोबर आलेला तारेचा साधा इअरफोन जोडायला दिला. तिने पुन्हा कळ दाबली. थांबली. परत दाबली. मग पटापट चार-पाच वेळा दाबली आणि माझ्याकडे बघत राहिली.

ब्लूटूथ आवाज पाठवण्याआधी तो आवळतो, पाठवतो, पलीकडे उलगडतो आणि मध्ये खंड पडू नये म्हणून थोडा साठवूनही ठेवतो. या सगळ्यात सहज १५० ते २०० मिलिसेकंद जातात. गाणी ऐकताना याने काही बिघडत नाही. पण लय १२० बीपीएम, म्हणजे मिनिटाला १२० ठोके, असेल तर एका ठोक्याला ५०० मिलिसेकंद मिळतात, आणि त्याचा चौथा हिस्सा, म्हणजे हाय-हॅट (ड्रमच्या संचातली झांज) ज्या जागांवर पडतो ते अंतर, १२५ मिलिसेकंदांचं. तिच्या कानापर्यंत प्रत्येक सूर एका पूर्ण हाय-हॅटच्या जागेइतका, किंबहुना जास्तच, मागे पडून येत होता. अशा वेळी ताल धरता येत नाही यात तिचा काहीच दोष नव्हता. मला हे मुद्दाम लिहावंसं वाटतं, कारण ‘मला ताल नाही’ अशी समजूत करून घेऊन या पायरीवर सोडून देणारी माणसं मी पाहिली आहेत.

तरी थोडा उशीर शिल्लक होता. तो बफरमधला. संगणक आवाजाचे नमुने एकेक करून पाठवत नाही, गठ्ठ्याने पाठवतो. ४४,१०० हर्ट्झला १०२४ नमुन्यांचा गठ्ठा म्हणजे सुमारे २३ मिलिसेकंद, आणि २५६ चा गठ्ठा म्हणजे ६ हूनही कमी. तिचा गठ्ठा १०२४ चा होता, वर साधा ड्रायव्हर, म्हणजे सॉफ्टवेअरचा आवाज बाहेर पोहोचवणारा दुवा, आणखी वेळ खात होता. एसिओ फॉर ऑल हा फुकट ड्रायव्हर टाकला आणि बफर २५६ वर आणला. आता आवाज चरचरायला लागला, कारण गठ्ठा लहान झाला की प्रोसेसरला तो वेळेत भरून द्यावा लागतो, आणि तो आधीच दमलेला होता.

का दमलेला होता? ८ बारांच्या त्या रचनेत ११ ट्रॅक (वाद्यांचे वेगवेगळे थर) होते आणि प्रत्येकावर वेगळा, जड रिव्हर्ब, म्हणजे घुमारा देणारा परिणाम. एकच रिव्हर्ब एका सामाईक ट्रॅकवर ठेवून बाकीच्यांनी आपला आवाज हवा तेवढा तिकडे पाठवायचा, ही सेंडची पद्धत तिला माहीत नव्हती. ११ चे १ केले. वर दोन ट्रॅक फ्रीज केले, म्हणजे त्यांचा आवाज तात्पुरता ध्वनिफितीसारखा गोठवून ठेवला. चरचर गेली. हप्त्यांचा अर्ज तिने त्या रात्री पाठवला नाही.

पण लॅपटॉप निर्दोष सुटला म्हणून मूळ दुखणं सुटलं असं झालं नाही. ४३ फाइली आणि एकही पूर्ण रचना नाही, हे तसंच होतं. त्यात आणखी एक गोष्ट दिसली. तिच्या सगळ्या रचनांमध्ये किक, म्हणजे तळाच्या ढोलाचा ठोका, अवाच्या सवा मोठी होती. ती बरेचदा लॅपटॉपच्या स्पीकरवर ऐकून काम करायची. किकचं मूळ साधारण ५० ते ६० हर्ट्झच्या आसपास असतं, आणि लॅपटॉपचे चिमुकले स्पीकर त्या खोलीपर्यंत पोहोचतच नाहीत. तिला किक ऐकू यायची नाही, म्हणून ती वाढवत जायची.

तोलून पाहिलेले पर्याय

उरलेल्या रकमेचे आम्ही १० भाग धरले. आकडे विसरून भागांत बोललं की कशावर किती चाललंय ते नजरेसमोर राहतं. मग कागदावर एकेक पर्याय घेतला.

नवा लॅपटॉप पहिल्याच संध्याकाळी बाद झाला. पुढचा पर्याय तिच्या मनात घट्ट बसला होता: स्टुडिओचे मॉनिटर स्पीकर. फोटोंमध्ये प्रत्येकाच्या टेबलावर ते दिसतात. तिची खोली एका बाजूने ३ मीटर. ध्वनीचा वेग सेकंदाला सुमारे ३४३ मीटर धरला तर समोरासमोरच्या दोन भिंतींमध्ये ३ मीटर अंतर असलेल्या खोलीत ५७ हर्ट्झच्या आसपास आवाज साचतो. बसायच्या जागेप्रमाणे तो तिथे भलताच फुगतो किंवा पार गायब होतो. म्हणजे नेमकी किकची जागा. चांगले स्पीकर आणले तरी त्या खोलीत तिला किकबद्दल खोटंच ऐकू आलं असतं. भिंतींवर जाड शोषक पॅनल लावल्याशिवाय यावर इलाज नाही, आणि तो खर्च वेगळा. स्पीकर बाद.

ऑडिओ इंटरफेसबद्दल मला जास्त विचार करावा लागला. नवशिक्यांच्या जवळजवळ प्रत्येक यादीत तो असतो. पण इंटरफेसचं मुख्य काम बाहेरचा आवाज, म्हणजे माइक किंवा वाद्य, नीट आत घेणं. तिला गायचं नव्हतं, गिटार वाजवायची नव्हती. ग्रूव्हबॉक्स लॅपटॉपच्या माइकच्या जॅकमधून आत घेता येत होता, थोडी खरखर येऊन. तेवढ्यासाठी ५ भाग घालवणं मला पटेना. गरज पडेल तेव्हा घेऊ, असं ठरलं.

तारेचे हेडफोन. यावर आम्ही सगळ्यात जास्त वेळ घालवला आणि तो सार्थकी लागला असं मला आजही वाटतं. ती जे ठरवणार, आवाज किती, खोली किती, काय कापायचं, ते सगळं कानातून ठरणार होतं. तिच्या घरात रात्री बाकीचे झोपलेले असतात, म्हणून कान पूर्ण झाकणारे, मागून बंद असलेले हवेत. बंद हेडफोनमध्ये आवाज थोडा कोंदट लागतो, तो तोटा पत्करला. एक तांत्रिक गोष्ट मात्र तिला आधीच सांगून ठेवली: ओहमचा आकडा बघ. २५० ओहमचे हेडफोन लॅपटॉपच्या साध्या जॅकवर दबलेले वाजतात, त्यांना वेगळा अॅम्प्लिफायर लागतो. ३२ ते ५० च्या दरम्यानचे घे.

मिडी कीबोर्ड. मिडीतून आवाज जात नाही, फक्त सूचना जातात: कुठला सूर, किती जोराने, केव्हा सुरू, केव्हा बंद. ही भाषा १९८३ पासून चालू आहे आणि त्यामुळेच जुन्यातला जुना, स्वस्तातला स्वस्त कीबोर्डही आजच्या सॉफ्टवेअरशी बोलतो. आवाजाचा दर्जा कीबोर्डवर अवलंबून नसल्याने इथे वापरलेला घेण्यात काही गमवायचं नव्हतं. टाइपिंगच्या कळांवर भागतंही, पण तिथे हलकं-जोरात हा फरक येत नाही, आणि तिच्या तोंडी तालात तो फरक भरपूर होता.

राहता राहिलं सॉफ्टवेअर. कुणीतरी तिला त्या नावाजलेल्या सॉफ्टवेअरची क्रॅक केलेली प्रत देऊ केली होती. मी नको म्हणालो. चोरीचा मुद्दा आहेच. त्याशिवाय अशा प्रतींबरोबर व्हायरस येतात, त्या अपडेट होत नाहीत, आणि केव्हा बंद पडतील याचा नेम नाही. जिच्या फाइली आधीच उघडत नव्हत्या तिने पुन्हा त्याच भीतीत का काम करावं? आमच्यासमोर तीन नावं होती. एलएमएमएस पूर्ण मुक्त आहे आणि त्यात सिंथ आधीपासूनच असतात. वेव्हफॉर्म फ्री फुकट आहे आणि ट्रॅकची मर्यादा घालत नाही. रीपर ६० दिवस पूर्ण क्षमतेने वापरून पाहता येतं, मग व्यक्तिगत वापराचा स्वस्त परवाना घ्यायचा, आणि ते जुन्या संगणकावर हलकं चालतं. अॅपलचा संगणक असता तर गॅरेजबँड आयतंच मिळालं असतं आणि ही चर्चा तिथेच मिटली असती. तिने रीपर निवडलं. ६० दिवस हीच मुदत धरायची, असंही तिचं तिनेच ठरवलं.

वाटणी अशी झाली: हेडफोन ४ भाग, वापरलेला कीबोर्ड २, फाइलींची दुसरी प्रत ठेवायला ड्राइव्ह १, आणि ३ भाग हात न लावता बाजूला.

केलेली कृती

कीबोर्डचा शोध एका शनिवारी संपला. २५ कळांचा, बाहेरून चकचकीत. विकणाऱ्यासमोरच तिने लॅपटॉप उघडला, कीबोर्ड जोडला, आणि सॉफ्टवेअरमध्ये येणाऱ्या मिडी सूचना पडद्यावर ठेवून एकेक कळ आधी हलकी, मग जोरात दाबत गेली. जोराचा आकडा १ ते १२७ यांमध्ये बदलायला हवा. बाकी कळा ३०, ५५, ९० असे आकडे देत होत्या. एक काळी कळ मात्र कशीही दाबली तरी १२७. कानाने हे दुकानात कधीच कळलं नसतं. घरी एक सूर सतत किंचाळल्यासारखा का वाटतो याचा विचार करत ती बसली असती. तो कीबोर्ड तिने सोडला, पुढच्या आठवड्यात दुसरा घेतला.

मग मी तिला मर्यादा घालून दिल्या. एक सिंथ, एक ड्रम किट, एक रिव्हर्ब, एक डिले (प्रतिध्वनीसारखा परिणाम). ट्रॅक जास्तीत जास्त ८. बाकीचे प्लगइन काढून टाकायचे. सिंथ म्हणून सर्ज एक्सटी ठरला: २०१८ पासून तो मुक्त स्रोताचा आहे आणि तयार आवाजांचा मोठा साठा बरोबर येतो. व्हायटलही फुकट मिळतो आणि त्यात आवाजाची लाट डोळ्यांसमोर हलताना दिसते, शिकायला ते फार सोयीचं. पण दोन ठेवले असते तर पुन्हा निवडीतच रात्र गेली असती.

मर्यादा तिला शिक्षेसारखी वाटू नये म्हणून मी तिला रोलंड कंपनीच्या टीबी-३०३ ची गोष्ट सांगितली. १९८१ मध्ये आलेलं हे छोटं यंत्र बास गिटारची जागा घेण्यासाठी बनवलं होतं, त्या कामी ते कुणाला आवडलं नाही आणि काही वर्षांत बंद झालं. वापरलेली यंत्रं स्वस्तात मिळायला लागली. शिकागोतल्या तरुणांनी ती घेतली, बास गिटारचा नाद सोडून फिल्टरच्या खुंट्या वाजता वाजता फिरवल्या, आणि त्या चिरक्या, ओल्या आवाजातून अॅसिड हाउस हा नृत्यसंगीताचा प्रकार जन्माला आला. तिचा ग्रूव्हबॉक्सही त्याच घराण्यातला होता. “मग हा विकू नको ना?” तिने विचारलं. मी म्हणालो, नको.

इथवर ठीक चाललं होतं. यानंतरची चूक माझी. मला वाटलं, तिने आवाज मुळापासून घडवायला शिकावं. सर्जमध्ये कोरा आवाज उघडायचा: एक ऑसिलेटर (मूळ लाट काढणारा), एक फिल्टर, एक एन्व्हलप. करवती लाटेत सगळे स्वरांश (मूळ सुराच्या पटीतले वरचे सूर) असतात, चौकोनी लाटेत फक्त विषम. फिल्टर वरचे अंश कापतो. एन्व्हलप आवाजाला उगवायला, ओसरायला आणि विझायला वेळ देतो. हे सगळं खरं आहे आणि मला प्रिय आहे. तीन आठवडे मी तिला हेच करायला लावलं. तिसऱ्या आठवड्याच्या शेवटी तिचा निरोप आला: “दादा, मला आवाज बनवता येतो, पण गाणं अजून एकही नाही. मला नाही वाटत हे माझं काम आहे.”

तो निरोप वाचून मला वाईट वाटलं. जी मुलगी ८ बारांच्या पुढे जात नव्हती, तिला मी एका बारात अडकवलं होतं. दुसऱ्या दिवशी आम्ही पद्धत उलटी केली. तयार आवाज घ्यायचा आणि त्यातली एकच खुंटी फिरवायची, बहुतेक वेळा फिल्टरचा कटऑफ, म्हणजे तो कुठून कापायला लागतो ती जागा. पंधरा दिवसांत एक रचना, किमान अडीच मिनिटांची, सुरुवात-मध्य-शेवट असलेली. वाईट झाली तरी चालेल, पण फाइल बाहेर काढून फोनवर टाकायची आणि ऐकत चालायला जायचं.

८ बारांतून बाहेर पडायची युक्ती मात्र तिची तिलाच सापडली. आपल्याच एका जुन्या फाइलमधली आठही वाद्यं तिने अडीच मिनिटांपर्यंत सरळ रंगवून टाकली, भिंतीला पहिला हात द्यावा तसं सपाट. मग पुसायला सुरुवात केली. पहिल्या १६ बारांतून किक पुसली. मधून बास काढला. शेवटी एकेक करत सगळं काढत फक्त रिव्हर्बची शेपटी ठेवली. काय घालू हा प्रश्न तिला अडवत होता, काय काढू याचं उत्तर तिच्याकडे होतं. हे मी नंतर आणखी दोघांना शिकवलं आहे.

आवाज जमवण्यातही पैसे लागले नाहीत. फ्रीसाउंड या संकेतस्थळावर २००५ पासून लोकांनी ठेवलेले आवाज आहेत. तिथे प्रत्येक आवाजाचा परवाना बघायचा: सीसी० (हक्क सोडून दिलेला) असेल तर मोकळेपणाने वापरायचा, नाव देण्याची अट असेल तर नाव द्यायचं, विनाव्यापार अट असेल तर विकायच्या रचनेत तो घ्यायचा नाही. पण तिचा सगळ्यात चांगला आवाज घरातच निघाला. खोलीच्या दाराची कडी. कपाट उघडून, कपड्यांच्या ओळीसमोर फोन धरून तिने कडी सात-आठ वेळा आपटली. कपडे खोलीचा घुमारा शोषून घेतात. त्यातला एक ठोका कापला, आधीची रिकामी जागा अगदी लाट सुरू होते तिथपर्यंत छाटली, आणि आवाज एक सप्तक खाली नेला. खाली नेताना तो दुप्पट लांबला, आणि लोखंडाच्या किणकिणाटाखाली एक जाड, लाकडी धप्प ऐकू यायला लागलं. पॅरिसमध्ये संगीतकार पिएर शेफरने १९४८ मध्ये आगगाडीचे आवाज घेऊन त्यांतून संगीत रचण्याचं जे काम सुरू केलं, तेच काम ती रात्री साडेअकराला कपाटासमोर उभी राहून करत होती. त्या कडीचा आवाज नंतरच्या प्रत्येक रचनेत स्नेअरच्या (ड्रमच्या कडक, खणखणीत ठोक्याच्या) जागी आहे.

मिश्रणाबद्दल थोडक्यात. हेडफोन आल्यावर किक आपोआप निम्म्यावर आली. किक आणि बास एकाच जागी भांडत होते. किक वाजली की बास क्षणभर दबेल असा साइडचेन लावला, आणि बाकीच्या वाद्यांचं तळाचं, १०० हर्ट्झच्या खालचं, कापलं. तिने आवडत्या कलाकाराची एक रचना शेजारच्या ट्रॅकवर ठेवली, तिचा आवाज आपल्याइतका खाली आणला आणि आलटून पालटून ऐकलं. खाली आणणं महत्त्वाचं, कारण मोठा आवाज नेहमी बरा वाटतो. हेडफोनवर काम करताना कानांची काळजीही घ्यायची होती: जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा आठवड्याला ४० तास आणि ८० डेसिबल अशी आहे, आणि आवाज वाढला की सुरक्षित तास झपाट्याने कमी होतात. शेजारी कुणी साध्या आवाजात बोललं तर ऐकू यावं इतकाच आवाज ठेवायचा, असा तिने नियम केला.

निष्पत्ती

सहा महिन्यांत ५ पूर्ण रचना झाल्या. पहिली तिला आता ऐकवत नाही, चौथी मला फार आवडते. दोन अर्धवट सोडल्या. ६० दिवस संपले तेव्हा बाजूला ठेवलेल्या ३ भागांतून रीपरचा परवाना घेतला, त्यात २ गेले. एक भाग अजून शिल्लक आहे. लॅपटॉप तोच आहे. ग्रूव्हबॉक्स टेबलावर परत आला: त्यावर वाजवलेलं ती सलग दहा मिनिटं लॅपटॉपमध्ये घेते आणि त्यातले चार चांगले बार निवडते.

न जमलेलंही आहे. तळाच्या आवाजाचा अंदाज तिला अजून एकटीने येत नाही, ती रचना मोठ्या स्पीकरवर ऐकायला माझ्याकडे आणते. हेडफोनमुळे डावी-उजवी बाजू प्रत्यक्षाहून रुंद भासते, त्यामुळे दोन रचना स्पीकरवर चपट्या निघाल्या. आणि एका रात्री ड्राइव्हवर प्रत न काढता लॅपटॉप बंद पडला तेव्हा चार दिवसांचं काम गेलं. ड्राइव्ह घेतला होता, वापरायची सवय लावली नव्हती.

वेगळं काय करता आलं असतं

ग्रूव्हबॉक्स आधी घेणं ही चूक होती का, यावर आमचं एकमत नाही. मी सुरुवातीला ती उधळपट्टी धरली होती. हेडफोन आधी आले असते तर काही महिने वाचले असते हे मी अजूनही म्हणतो. ती म्हणते, त्या डब्याने पहिल्या महिन्यात जो आनंद दिला त्याशिवाय ती पुढे टिकलीच नसती. तिचं म्हणणं मला आता बरंचसं पटतं. तिने तेव्हा रेकॉर्ड करण्याची सोय विचारून घेतली असती तर दोघांचंही समाधान झालं असतं.

उशिराची तपासणी पहिल्या दिवशी करायला हवी होती, म्हणजे तिने स्वतः, माझ्याकडे येण्याआधी. तारेचा कुठलाही इअरफोन जोडून पाहायला पाच मिनिटं लागतात. पण ‘लेटन्सी’, म्हणजे आवाजाला होणारा उशीर, हा शब्दच माहीत नसताना माणूस शोधणार काय? ही जबाबदारी शिकवणाऱ्यांची, आणि मी आता कुणालाही पहिला प्रश्न विचारतो तो कानात काय घालतोस हाच.

माझे ते तीन आठवडे. आज करायचं झालं तर मी पहिल्याच आठवड्यात तिला एक रचना पूर्ण करायला लावेन, तयार आवाजांनी, कशीही. ऑसिलेटर आणि एन्व्हलप दुसऱ्या महिन्यात, आणि तेही तिच्याच रचनेतला एखादा आवाज खटकतोय म्हणून. मर्यादांमध्येही मी एक बदल करेन: रिव्हर्ब एक ठेवला ते बरोबर, पण ८ ट्रॅकची अट तिला तिसऱ्या रचनेत खरोखर नडली, आणि ती मोडायला तिने माझी परवानगी मागितली. परवानगी मागावी लागेल अशी अट घालायला नको होती.

ऑडिओ इंटरफेसचा प्रश्न आता पुन्हा आलाय. सहाव्या रचनेत तिला स्वतःचा आवाज हवाय, शब्द नसलेला, दूरवरून आल्यासारखा. या वेळी तिने आधी फोनवर, त्याच कपाटासमोर, गाऊन घेतलं आणि रचनेत बसवून मला पाठवलं. सोबत विचारलं, खरखर ऐकू येते का. येते, पण त्या रचनेत ती पावसासारखी लागते. मी तसं कळवलं. ती म्हणाली, मग ठेवते, आणि शेवटच्या भागात खरखर थोडी वाढवली.